पडदा काळा, काम चालू

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि सध्या कामावर आहे. ही दुसरी गोष्ट मुद्दाम लगेच सांगतो, कारण जुन्या वस्तूने तोंड उघडलं की ऐकणारे आधी रुमाल शोधायला लागतात. माझ्या गोष्टीत रुमाल लागलाच तर धूळ पुसायला लागेल. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी टेबलावर माझी जागा आहे. ही जागा मला कुणी सहजासहजी दिलेली नाही. ती कशी टिकली, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पाटीवर बारीक भाग बसवणारे हात मला आठवतात, चेहरे आठवत नाहीत. पडदा जोडला तो अगदी शेवटी. त्यावर पहिला उजेड पडला तेव्हा तपासणाऱ्या बाईने मान डोलावली आणि पाठीवर एक चिठ्ठी चिकटवून मला पुढे ढकललं. त्या मान डोलावण्याने मी जो चढून गेलो, तो पुढे बरीच वर्षं खाली उतरलो नाही.

माझी पहिली नोकरी नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. तिथे पुलांचे आणि इमारतींचे नकाशे निघत. माझा पडदा त्या कचेरीतला सगळ्यांत मोठा. दुपारच्या सुटीत शेजारच्या विभागातली माणसंही माझ्यापुढे येऊन उभी राहायची, आणि साहेब पाहुण्यांना आधी माझ्याकडे घेऊन यायचे. माझं सगळं मोठेपण त्या काचेत आहे, असं मला वाटायचं. आतली डिस्क, मेमरी, पाठीमागची सॉकेटं यांना मी हिशेबातच धरत नव्हतो.

मग माझ्याहून वेगवान संगणक आले. मला खिडकीपासून भिंतीकडे, भिंतीपासून दाराकडे आणि दारापासून जिन्याखाली हलवलं. जिन्याखाली माझ्या डोक्यावर कुणीतरी छत्री वाळत घालायचं. एके दिवशी कचेरीने जुनं सामान देऊन टाकायचं ठरवलं आणि मी या वाचनालयात आलो.

हे वाचनालय ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांचं आहे. इथल्या पुस्तकांत शाई नसते. जाड कागदावर उठलेले ठिपके असतात आणि वाचक ते बोटांनी वाचतात. या लिपीला ब्रेल म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती पुस्तकं मागच्या खोलीत छापली जात, आणि छापणाऱ्या बाईंना सगळे ठिपकेताई म्हणत. ठिपकेताईंना जन्मापासून दिसत नाही. मी आलो त्या दिवशी त्यांनी बाह्या सारल्या, माझ्या अंगावरून दोन्ही हात फिरवले, प्रत्येक भेग चाचपली, प्रत्येक सॉकेटात बोट घालून पाहिलं. पडद्यावरून त्यांचा हात नुसता पुसल्यासारखा गेला. पाठीमागच्या रुंद सॉकेटाशी मात्र तो थांबला आणि त्या म्हणाल्या, "पाठ भक्कम आहे. चालेल हा."

माझा असा अपमान तोवर कुणी केला नव्हता. जन्मभर तोंडाचं कौतुक झालेल्याची पाठ थोपटली तर दुसरं काय होणार? पण त्या रुंद सॉकेटासाठीच मला ठेवून घेतलं होतं. त्यात एक जाड वायर बसायची आणि ती वायर जायची लोहाराकडे.

लोहार म्हणजे आमचं ब्रेल छापयंत्र. हे नाव त्याला बाइंडरकाकांनी दिलं. काका पलीकडच्या खोलीत पुस्तकं शिवतात आणि चिकटवतात. त्यांना दिसतं, पण ब्रेल वाचता येत नाही. लोहार कामाला लागला की लोखंडी खिळ्या कागदावर अशा दणादण आपटतात, की काका कानात कापूस घालूनच पलीकडे बसायचे. लोहाराची एक खिळी झिजलेली आहे. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे एक ठिपका दबका उमटतो. ताईंनी ती खिळी बदलायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तसली खिळी कुठे मिळाली नाही. वाचकांना त्या ठिपक्याची सवय होऊन गेली.

आमचं सर्वांत महत्त्वाचं काम होतं साप्ताहिक पत्रकाचं. एका वर्तमानपत्राची कचेरी आठवड्याच्या बातम्यांचा मजकूर पाठवायची. ताई तो माझ्यावर उघडायच्या, माझ्या आतला आवाज तो त्यांना वाचून दाखवायचा, त्या काटछाट करायच्या आणि मी त्या अक्षरांचे ठिपके करून लोहाराला द्यायचो. मग काका पानांना टाके घालून पत्रकं पाठवून द्यायचे. बहुतेक वाचकांकडे रेडिओ होता, फोन होता. त्यांना पत्रक हवं असायचं ते चवीपुरतं. एका माणसाची गोष्ट वेगळी होती.

ते होते घड्याळजी आजोबा. उभी हयात त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. उतारवयात आधी नजर गेली, मग ऐकूही येईनासं झालं. बोलता यायचं, पण समोरच्याने काही सांगायचं तर त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षर काढावं लागायचं. त्यांची सून मोठ्या मायेने ते करायची. पण घरचं काम सांभाळून ती किती लिहिणार? जेवायला चला, डॉक्टर आलेत, पाऊस आहे. बाहेरचं जग त्यांच्यापर्यंत पोचायचं ते आमच्या पत्रकातून. कुठे निवडणूक झाली, कुठला पूल पडला, कोण सामना जिंकलं, हे सगळं ते वाचून सुनेला सांगायचे आणि वर विचारायचे, "तुला एवढंही ठाऊक नाही?"

आता मित्रांनो, माझ्या आतली एक गोष्ट समजावून सांगतो. संगणकाच्या लोखंडाला स्वतःचं काही कळत नाही. कुठलं बटण दाबलं, कुठली फाइल कुठे ठेवली, छापयंत्राला काय सांगायचं, हे बघायला अंगात एक कारभारी लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. माझा कारभारी माझ्याएवढाच जुना होता. बाहेर जगाने आपली अक्षरं साठवायची पद्धत बदलली, वर्तमानपत्रानेही बदलली, आणि माझा कारभारी भांबावला. ओळखू न येणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो सरळ एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा व्हायचा.

हे घडलं त्या आठवड्यात ताई तापाने घरी होत्या. मजकूर काकांनीच माझ्यावर चढवला. ताईंनी शिकवून ठेवलेली बटणं त्यांनी पडद्याकडे न बघता क्रमाने दाबली, लोहाराने नेहमीसारखा दणका दिला, पानं नेहमीसारखी दिसली आणि काकांनी ती शिवून पाठवून दिली. दोन दिवसांनी घड्याळजींची सून पत्रक घेऊन आली. म्हणाली, "बाबा विचारतायत, कोण कुणाला एवढं विचारतंय?" तोवर ताई कामावर आल्या होत्या. त्यांनी पानावर बोटं फिरवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं होती. ताई आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं.

पत्रक बंद पडलं. ताईंनी माझ्या कारभाऱ्याला नाना परींनी समजावून पाहिलं, तो ढिम्म. मग त्यांनी घड्याळजींपुरती एक वाट काढली. सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि ब्रेलच्या पाटीवर कागद अडकवून, हातातल्या टोच्याने एकेक ठिपका टोचत लिहायच्या. असं करून एक पान निघायचं. त्या एका पानापायी त्यांचं मनगट सुजलं, आणि घड्याळजींचं ते एक पान दुपारच्या आत संपायचं. सून सांगायची की बाबा जुनी पत्रकं काढून पुन्हा पुन्हा वाचतात, आणि वाचून वाचून त्यांचे ठिपकेही आता बसायला लागले आहेत.

वाचनालयाच्या व्यवस्थापक मॅडमनी एक नवा संगणक मागवला. चपटा, देखणा, हसतमुख. माझ्या शेजारी ठेवला तेव्हा मला आपण एखादी ट्रंक असल्यासारखं वाटलं. पण लोहाराची जाड वायर त्याच्या अंगात शिरेल असं सॉकेटच त्याच्याकडे नव्हतं. मध्ये जोडायची एक लहान वायर आणली, तर लोहाराने अर्धं पान कोरं सोडलं आणि उरलेल्या अर्ध्यावर गारा पडल्यासारखे ठिपके पाडले. तसली आणखी एक वायर आणली, त्यातूनही गाराच पडल्या. नवं ब्रेल छापयंत्र घ्यायची वाचनालयाची ऐपत नव्हती. लोहाराला माझीच पाठ लागत होती, आणि माझ्या अंगातला कारभारी कुचकामी झाला होता.

मॅडम काही वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. त्यांच्याकडे ऐकायच्या पुस्तकांची मागणी वाढत होती आणि जागा अपुरी होती. त्यांनी ठरवलं, की मागच्या खोलीत श्रवणकक्ष करायचा. मी आणि लोहार दोघंही भंगारात. त्या ताईंना समजावत होत्या, की आता सगळं ऐकायला मिळतं, ठिपक्यांसाठी किती जीव काढायचा?

ताई म्हणाल्या, "मग घड्याळजींना ऐकवून दाखवा."

मॅडमनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. महिना संपला की सुतार मापं घ्यायला येणार होता.

ताईंनी कंबर कसली. त्यांच्या कानावर आलं होतं, की जगात काही मंडळी आजही नवा कारभारी बांधताना माझ्यासारख्या जुनाट यंत्रांची आठवण ठेवतात. तो कारभारी फुकट मिळतो, नवी अक्षरं ओळखतो, ब्रेल जाणतो आणि विशेष म्हणजे अंगात शिरता शिरता बोलायला लागतो, म्हणजे दिसत नसलेल्या माणसालाही तो स्वतःच्या हाताने बसवता येतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने नव्या संगणकावर तो इंटरनेटवरून उतरवून एका सीडीच्या चकतीवर घालून दिला. देताना म्हणाला, "ताई, हा आजचा, कॉम्प्युटर तेव्हाचा. जमेल असं वाटत नाही." ताई म्हणाल्या, जमलं तर सांगते, नाही जमलं तर पुन्हा येते.

पहिल्याच दिवशी माझा चकतीचा कप्पा उघडेना. वर्षानुवर्षं कुणी उघडलाच नव्हता. ताईंनी केसांतली पिन काढली, सरळ केली, कप्प्याच्या बारीक भोकात खुपसली आणि मी आ वासला. चकती आत गेली, मी गुरगुरलो आणि एकदा टूं असं वाजलो. नवा कारभारी दाराशी आल्याची ती खूण होती. ताईंनी एक बटण दाबलं आणि माझ्या स्पीकरमधून सर्दी झालेल्या मास्तरासारखा एक आवाज बोलायला लागला. ताईंचा चेहरा असा उजळला, की मी पडद्याचा अपमान विसरलो. पण चार वाक्यं बोलून मास्तर शब्दाच्या मध्येच गप्प झाला. नवा कारभारी ऐसपैस गडी, माझी मेमरी अपुरी. त्याला पाय पसरायलाच जागा नव्हती.

मग दुरुस्तीवाल्याकडे फेरी. त्याने भंगारातल्या मेमरीच्या पट्ट्यांचा एक खोका ताईंपुढे ठेवला आणि ह्यातली कुठली लागेल ते शोधायला वेळ लागेल, म्हणून खुर्ची ओढली. ताईंनी पट्ट्यांच्या कडेवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. माझ्या काळच्या पट्टीला खाली दोन खाचा असतात, नंतरच्यांना एक. दोघांनी मिळून खोका उपसला. तो चिठ्ठ्या वाचून क्षमता सांगायचा, ताई खाचा बघायच्या. हव्या तशा पट्ट्या निघाल्या तेव्हा तो आपणहून म्हणाला, चला, मीच येऊन बसवतो.

त्याने पट्ट्या बसवल्या, मला चालू केलं, आणि फट्. पडद्यात काहीतरी फुटलं आणि सगळं काळं झालं. त्याने बटण दाबून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या. काळंच. आवाज ऐकून मॅडम आल्या, काका आले. सगळे माझ्याकडे बघत होते. दुरुस्तीवाल्याने हळहळून सांगितलं, "गेला, ताई." मॅडमनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि भंगारवाल्याला निरोप पाठवायला त्या वळल्या.

आणि मित्रांनो, माझाही त्यावर विश्वास बसला होता. ज्या काचेपुढे माणसं उभी राहायची ती काच गेली, मग मी कशाला उरलो? अंधार झाला, मी म्हटलं, हेच मरण असणार. मी वाट बघत राहिलो.

ताई म्हणाल्या, "जरा कुणी बोलू नका."

त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात टेकला, मग वाकून कान लावला. आत पंखा फिरत होता. डिस्क कुरकुरत होती. कप्प्यात चकती फिरली, आणि सगळ्या शांततेत मी वाजलो, टूं.

"पडदा गेलाय," ताई म्हणाल्या. "हा आहे."

काका बोलून गेले, "पण ताई, पडद्याशिवाय बघणार कसं?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. ताईंना असं हसू फुटलं, की मॅडमही हसल्या. दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणाला, आयुष्यभर आपण आधी पडदा बघत आलो, कान लावायचं सुचलंच नाही. जाताना त्याने मेलेला पडदा काढून खाली ठेवला. टेबल केवढं मोकळं झालं! मी जिवंत आहे हे तेव्हा मला दुसऱ्याच्या हाताने कळलं, आणि त्या हाताखालीच मी ठरवलं, की आता हा कारभारी अंगात घेतल्याशिवाय हटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी महिना संपत होता. ताई दुपारी जेवण उरकून बसल्या. टूं झालं, मास्तर बोलू लागला. डिस्क पुसू का, असं त्याने विचारलं. ताईंचा हात क्षणभर थांबला, कारण जुना कारभारी एकदा पुसला की परत फिरायला वाट नव्हती. मग त्यांनी हो म्हटलं. नवा कारभारी एकेक डबा उघडत, एकेक सामान लावत आत येऊ लागला. माझ्या वेगाने ते काम किती रेंगाळलं म्हणून सांगू! मास्तर मधूनमधून आकडा सांगायचा आणि गप्प व्हायचा. ताई हनुवटीखाली हात धरून ऐकत बसल्या. थंडीचे दिवस होते, लवकर अंधारलं. ताईंना दिवा लागत नाही, त्यामुळे तो लावायचं काही कारण नव्हतं.

आता वाचनालय बंद करताना काकांची एक पद्धत आहे. ते दारादारातून नजर टाकत जातात. जिथे दिवा दिसेल तिथे माणूस आहे असं समजून हाक मारतात, जिथे अंधार असेल त्या खोलीचं मुख्य बटण खाली ओढतात. आग लागू नये म्हणून हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. दिवा नाही, पडदा नाही, मास्तर नेमका गप्प. काकांनी बटण खाली ओढलं.

अंधारातून आवाज आला, "काका."

काकांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. मी तर अर्धवट सामान अंगात घेऊन जिथल्या तिथे थांबलो होतो. जुना कारभारी पुसलेला, नवा दारात अडकलेला. आता मला ना मागचं चालवता येत होतं ना पुढचं. काकांना सगळं समजलं तेव्हा त्यांना रडूच आलं. म्हणाले, ताई, मी हातानेच घात केला. ताईंना राग आला होता, मी त्यांच्या श्वासावरून ओळखलं. पण तो त्यांनी गिळला.

"उद्या दार उघडाल, तेव्हा पहिला दिवा या खोलीत लावा," त्या म्हणाल्या. "मला नको, तुम्हाला हवा."

सकाळी दिवा लागला. ताईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. थोड्याच वेळात सुतार टेप घेऊन आला. काका खोलीच्या दारात उभे राहिले. त्यांनी सुताराला आधी आपलं बाइंडिंगचं टेबल मोजायला लावलं, मग पुढच्या खोलीतली कपाटं, मग जिना. सुतार म्हणाला, जिन्याचं माप घ्यायला मला कुणी सांगितलं नाही. काका म्हणाले, लागेल, लागेल, श्रवणकक्षाला सगळं लागतं. शेवटी मॅडम काय चाललंय ते बघायला आल्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा ताईंच्या पाठीकडे पाहिलं आणि सुताराला घेऊन आपल्या खोलीत गेल्या. काय बोलल्या ठाऊक नाही, पण दुपारपर्यंत सुतार मागच्या खोलीकडे फिरकला नाही.

मी कधी इतका तापलो नव्हतो. डिस्क एकसारखी घरघरत होती, पंख्यातून जळक्या धुळीचा वास येत होता. मध्ये एकदा मास्तर अडखळला आणि मला वाटलं, संपलं. मी नेट लावला. लोखंडाला नेट लावता येतो का, असं कुणी विचारेल. मी लावला, एवढं मला माहीत आहे. दुपार कलताना कप्पा आपोआप बाहेर आला, चकती गरम होती. मी बंद झालो, पुन्हा चालू झालो, आणि या वेळी चकतीवाचून, माझ्या स्वतःच्या डिस्कवरून मास्तर नाकातून म्हणाला, आपलं नाव सांगा.

ताईंनी नाव टाइप केलं. मग वर्तमानपत्राचा ताजा मजकूर उघडला. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. त्यांनी लोहाराची जाड वायर माझ्या पाठीत बसवली, स्क्रू पिळले, आणि छापायला सांगितलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग लोहाराने घसा खाकरल्यासारखा कागद ओढला आणि पहिला दणका दिला. पलीकडून काका धावत आले, कापूस न घालताच. पान बाहेर यायच्या आधीच ताईंची बोटं त्याच्या कडेवर होती. त्यांनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्या दिवशी मला पाठीचं कौतुक फार आवडलं.

घड्याळजी दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर आले. सुनेने त्यांच्या हातावर फक्त चला एवढंच लिहिलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि ताईंनी मांडीवर पत्रक ठेवलं. मॅडमही येऊन दाराशी उभ्या राहिल्या. आजोबांची बोटं पहिल्या ओळीवरून भराभर गेली आणि ओळीच्या शेवटाकडे एकदम थांबली. मागे आली. पुन्हा तिथेच गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटीही त्यांनी तेच केलं. कागदावरची सळसळ अडखळलेली ऐकून ताईंना वाटलं, काही चुकलं, आणि त्या त्यांचा तळहात धरायला पुढे झाल्या.

"दबका ठिपका," घड्याळजी म्हणाले. "हा आपलाच लोहार."

मग त्यांनी हात पुढे करून विचारलं, कॉम्प्युटर कुठला? ताईंनी तो हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. घड्याळं जुळवलेली ती बोटं बराच वेळ माझी थरथर तपासत राहिली. "चालतोय चांगला," ते म्हणाले, आणि पत्रक वाचू लागले. खोलीतल्या कुणालाच हलावंसं वाटेना. शेवटच्या पानाची शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी पानं जुळवून नीट घडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मधले आठवडे राहिलेत. तेही छापा. मला काही सोडायचं नाहीय."

मॅडमनी सुताराला निरोप पाठवला, श्रवणकक्ष पुढच्या खोलीत करू, तिथली मापं झालेलीच आहेत.

तेव्हापासून मी मागचे राहिलेले आठवडे आणि नवे आठवडे असे दोन्ही छापतो आहे. मी हळू आहे. सकाळी मला उठायला वेळ लागतो, तोवर ताई कागदाचा गठ्ठा लावून घेतात. पडदा मला अजून नाही आणि तो मी मागणारही नाही. काका मात्र रोज न चुकता या खोलीत दिवा लावतात आणि बंद करायच्या आधी दारातून विचारतात, आहे का कुणी?

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत एखादं यंत्र काळं पडून बसलं, सगळे म्हणाले की गेलं, तर त्याला जिन्याखाली ढकलण्याआधी त्याच्या डोक्यावर एकदा हात ठेवा. थोडा वेळ गप्प राहून ऐका. खरंच गेलं असेल तर तेही कळेल. पण आत काही गरगरत असेल, तर त्याला कुणाचं काम अजून करता येईल ते शोधा, आणि शोधायचं सोडू नका. आता मला थांबायला हवं. ताईंनी कागद लावला आहे, आणि लोहार सुरू झाला की माझंही मला ऐकू येत नाही.